धामणीच्या सांगाड्याची मोटार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दूरध्वनीवर भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी "जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारी" असे उत्तर दिले. पलीकडे काही क्षण शांतता पसरली. हीरक महोत्सवाला शोभेलसा हा विषय नव्हे असे त्यांना वाटले असणार. सौजन्यामुळे ते तसे म्हणाले नाहीत इतकेच. परंतु जबलपूरमधील एका मध्यमवर्गीय मराठी घरात अशी मोटार जवळजवळ पन्नास वर्षे नांदली कशी, आणि ती चालती ठेवण्यासाठी या शहरातील कोणाकोणाचे हात लागले, हे कोठेतरी नोंदले जावे अशी माझी इच्छा होती. त्या हातांपैकी बरेच आज आपल्यात नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करतो. स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे श्रीमंतांचे राक्षसी यंत्र, ही कल्पना अलीकडची आहे. इंग्लंडमध्ये ही जात जन्मली ती तरुण कारकुनाला आणि लष्करातील कनिष्ठ अधिकाऱ्याला परवडावी म्हणून. साध्या कौटुंबिक मोटारीचे इंजिन घ्यायचे, त्याला थोडी तालीम द्यायची, वर हलके उघडे शरीर चढवायचे आणि दोनच माणसे बसवायची. ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस'चे व्यवस्थापक सेसिल किम्बर यांनी १९२० नंतरच्या दशकात नेमके हेच केले. त्या दोन शब्दांची आद्याक्षरे म्हणजे एम. जी. १९२९ पासून हा कारखाना ॲबिंग्डन या लहानशा गावी होता आणि १९८० मध्ये तो बंद झाला.

माझी मोटार म्हणजे एम. जी.ची 'टी. सी.'. महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये, ती बाजारात आली आणि १९४९ पर्यंत सुमारे १० हजार मोटारी तयार झाल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक परदेशी गेल्या, कारण युद्धाने कंगाल झालेल्या ब्रिटनला परकीय चलन हवे होते आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यालाच पोलाद मिळत असे. इंजिन १२५० घन सेंटिमीटरचे, शक्ती ५४ अश्वशक्ती. आज बाजारात भाजी आणायला आपण जी मोटार नेतो तिची शक्ती बहुधा याहून जास्त असते. तारांच्या आऱ्यांची १९ इंची उंच चाके, पुढे आडवी पाडता येणारी काच, मागे पेट्रोलची चौकोनी टाकी आणि तिच्या पाठीवर जादा चाक. पेट्रोल किती उरले हे सांगणारा काटा नाही! टाकीत बुडवून पाहण्यासाठी मी लाकडी पट्टी ठेवतो, दुधवाल्याच्या मापासारखी.

अशी मोटार नवी घेणे भारतात शक्यच नव्हते. १९५३ मध्ये सरकारने परदेशी सुटे भाग आणून नुसत्या जोडणी करणाऱ्या कंपन्यांना आपला गाशा गुंडाळायला लावला. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या आणि आयातीचे दार जवळजवळ बंद झाले. त्यापूर्वी जे आले ते आले. संस्थानिकांच्या तबेल्यांत, चहाच्या मळ्यांवर आणि छावण्यांच्या बंगल्यांत या गाड्या उरल्या. माझी टी. सी. आसामातील एका मळेवाल्याची. त्याच्याकडून ती एका भारतीय लष्करी अधिकाऱ्याने घेतली आणि निवृत्तीनंतर रेल्वेच्या वाघिणीतून जबलपूरला आणली. सदरमधील त्यांच्या बंगल्यात ती विटांवर उभी होती, तेव्हा, १९७६ मध्ये, मी ती ४२०० रुपयांना घेतली. त्या वेळी मी व्हेइकल फॅक्टरीत कामाला होतो आणि ही रक्कम माझ्या सात महिन्यांच्या पगाराहून अधिक होती. आमचे वडील ओसरीवर उभे राहून ते धूड बैलगाडीमागून ओढत येताना पाहत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ही चालते, की हिला चालवत न्यावे लागते?"

चालत नव्हती. इंजिन खोलावे लागले, आणि येथे आपल्या शाळेचा संबंध येतो.

आम्हाला विज्ञान मराठीतून शिकवले गेले, हे या सभागृहात वेगळे सांगायला नको. दट्ट्या, झडप, तरफ, वंगण, आटे हे शब्द मला आधी भेटले. पिस्टन आणि व्हॉल्व्ह नंतर. आमच्या गुरुजींनी फळ्यावर स्क्रूचे चित्र काढून, आटे म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार, असे सांगितले होते. पुढे पॉलिटेक्निकमध्ये हीच व्याख्या इंग्रजीत ऐकली तेव्हा ती मला कळलेली होती. तर, टी. सी.च्या इंजिनाचा पहिला बोल्ट सोडवायला मी इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा पाना लावला. तो अचूक बसला. बोल्ट बाहेर आला, आटे मोजले, तर ते इंग्रजी मापाचे नव्हतेच! ८ मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर अंतर. डोके इंग्रजी, अंग फ्रेंच.

याची हकीकत मोठी रंजक आहे. पॅरिसजवळ हॉचकिस नावाचा तोफा-बंदुकांचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजा जवळ येताच त्यांनी इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्री येथे दुसरा कारखाना काढला आणि मशीनगन बनवू लागले. युद्ध संपले, मशीनगनची मागणी संपली, आणि हाच कारखाना मॉरिस यांच्यासाठी मोटारीची इंजिने करू लागला. १९२३ मध्ये मॉरिस यांनी तो विकतच घेतला. पण तेथील यंत्रे होती फ्रेंच, मेट्रिक आटे पाडणारी. ती सगळी बदलणे महाग. मग तोड अशी निघाली की आटे मेट्रिकच ठेवायचे, मात्र बोल्टचे डोके व्हिटवर्थ मापाचे करायचे, म्हणजे इंग्रज मिस्त्रीच्या पेटीतील पाना चालेल. ही रीत पुढे पंचवीस-तीस वर्षे चालली.

शस्त्रांच्या कारखान्यातून मोटार निघावी यात जबलपूरकराला नवल वाटण्याचे कारण नाही. १९०४ मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, ती तोफांचे गाडे बनवण्यासाठी. पुढे 'शक्तिमान' ट्रक आणि 'जोंगा' या शहरातच तयार झाले. जोंगा हे जपानी नाव आहे असे अनेकांना वाटते. रचना जपानी निस्सानची खरी, पण नाव आपले: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली यातून ते निघाले. ज्या शहराचे नाव असे मोटारीच्या नावात दडलेले आहे त्या शहरात मिस्त्रींचा दुष्काळ नव्हता. रांझीत, कारखान्याच्या वस्तीच्या आसपास, घराच्या पडवीत लेथ टाकून बसलेले निवृत्त टर्नर तेव्हा बरेच होते. बाजारात मिळणाऱ्या ८ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांचे अंतर सव्वा मिलिमीटर असते, तो येथे चालत नाही. म्हणून मी अशाच एका वृद्ध टर्नरकडे गेलो. त्यांनी बोल्ट उजेडात धरला, नखाने आटे चाचपले आणि म्हणाले, "बाबूजी, अंग्रेज़ की गाड़ी में ये विलायती चूड़ी किसने डाली?" मी हॉचकिसची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि ४० बोल्ट करून दिले. पैसे घेतले फक्त लोखंडाचे. मजुरी गोष्टीत वळती झाली, असे त्यांचे म्हणणे.

दुसरे प्रकरण कार्बोरेटरचे. टी. सी.ला एस. यू. जातीचे दोन कार्बोरेटर असतात. एस. यू. म्हणजे स्किनर युनियन. हे स्किनर घराणे मूळचे पादत्राणांच्या धंद्यातले, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीबरोबर हलणारा भाता होता तो चामड्याचा! पुढे भात्याच्या जागी पितळी दट्ट्या आला. हवेची ओढ वाढली की दट्ट्या वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलचे छिद्र अधिक उघडते. ओढ कमी झाली की खाली. इतके सोपे आणि इतके सुंदर यंत्र मी दुसरे पाहिले नाही. दट्ट्याच्या नळीत घालायचे तेल मी शिवणयंत्राचे वापरतो. दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढत आहेत की नाही, हे पाहायला उपकरणे मिळतात. आमच्याकडे रबरी नळी होती. तिचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरे कानाशी. दोहोंचा फूत्कार एका पट्टीत आला की झाले. माझा कान यथातथाच. सौभाग्यवतींचे गाणे झालेले होते. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्या म्हणाल्या, "उजवीकडचा थोडा चढा आहे." तेव्हापासून हे काम त्यांच्याकडे आहे.

मुले झाल्यावर दोन जागांत चौघे मावेनात. मग १९८४ मध्ये एक जुनी 'स्टँडर्ड हेरल्ड' आली. आजच्या पालकांपैकी कोणाच्या तरी आजोबांकडे ती असेल. मूळची ती ट्रायम्फ हेरल्ड, इटालियन मिकेलॉटी यांनी रेखलेली, इंग्लंडमध्ये १९५९ ची आणि मद्रासला १९६१ पासून तयार होणारी. तिचे पुढचे सारे नाक मगरीच्या जबड्यासारखे उघडते आणि ती २५ फुटांच्या वर्तुळात पूर्ण वळते. कमानिया गेटपाशी, सणासुदीच्या गर्दीत, मागे न घेता वळवलेली हेरल्ड पाहून रिक्षावाले टाळ्या वाजवत, यात अतिशयोक्ती नाही. हिच्याच चौकटीची लांबी कमी करून इंग्लंडमध्ये ट्रायम्फने 'स्पिटफायर' ही स्पोर्ट्‌स मोटार काढली. म्हणजे भारतीय गृहस्थाने न कळत स्पोर्ट्‌स मोटारीची सख्खी बहीणच घरी आणली होती. मुलीच्या शिक्षणासाठी ती १९९६ मध्ये विकली. त्याविषयी अधिक बोलत नाही.

टी. सी.ने आम्ही नागपूरला अनेकदा गेलो. साधारण २७० किलोमीटर. तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडायची, लखनादौनला चहा, सिवनीनंतर कुरईचा घाट. तेथे सागवनातून उतरताना समोरची काच आडवी पाडली की वारा थेट तोंडावर येतो आणि वेग दुप्पट भासतो. ताशी ६० किलोमीटरला जो आनंद त्या गाडीत मिळतो तो आजच्या बंदिस्त मोटारीत १२० लाही मिळत नाही. माझ्या सासूबाईंनी मात्र या प्रवासाचे वर्णन "धुळीने आंघोळ" असे केले होते.

आता मुख्य गोष्ट. २२ मे १९९७ ची पहाट येथील वडीलधाऱ्यांना विसरता येणार नाही. चार वाजून गेले होते. जमीन हादरली. शहरात आणि आसपासच्या गावांत माणसे दगावली, जुन्या मातीच्या भिंती कोसळल्या. आमचे सर्वजण अंगणात निजलेले असल्याने वाचले. घराला मोठे तडे गेले आणि मोटारीच्या पडवीचे छप्पर, सागवानी तुळईसह, कौलांसकट टी. सी.वर बसले.

उजाडल्यावर पाहिले. इंजिन आणि लोखंडी चौकट शाबूत होती. पण त्या काळच्या या मोटारींचे शरीर म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा. सांगाडा इंग्लंडमधील ॲश झाडाच्या लाकडाचा असतो. मागचा सगळा भाग आणि डावे दार यांचा चुरा झाला होता. महिन्याभरात मुंबईहून एक गृहस्थ आले. त्यांनी आहे त्या स्थितीत दीड लाख रुपये देऊ केले. घराच्या दुरुस्तीचा अंदाज जवळजवळ तेवढाच होता. मी व्यवहाराला तयार होतो; कोणीही झाला असता. रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, "घर कर्ज काढून उभे राहील. ही गेली तर दुसरी कोठून आणणार आहात?" भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढले. घर दोन वर्षांत सावरले आणि ती दोन वर्षे मोटार ताडपत्रीखाली राहिली.

ॲशचे लाकूड आणायचे कोठून? परदेशातून तयार सांगाडा मागवण्याची ऐपत नव्हती. सागवान टिकाऊ खरा, परंतु झटका सोसण्याच्या कामी मला तो पटेना. मिलौनीगंजकडे बैलगाड्या आणि टांगे बांधणारे एक वृद्ध सुतार होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी ॲशचा तुटलेला तुकडा वाकवून पाहिला, हुंगला, आणि सांगितले, "धामन लगेगी." घरी मी हे सांगताच मुलगा दचकला. मराठीत धामण म्हटले की आधी साप आठवतो. हे मात्र आपल्या मध्य भारताच्या जंगलांतले झाड. त्याचे लाकूड चिवट आणि लवचिक; गाडीच्या दांड्या, कुऱ्हाडीचे दांडे, पूर्वी धनुष्येसुद्धा त्याची करीत. इंग्रज ज्या कामाला ॲश वापरतो त्या कामाला आपला गाडीवान धामण वापरतो. चाचांना ॲश हे नाव ठाऊक नव्हते. गुण ठाऊक होता.

लाकूड वर्षभर सावलीत वाळवले. मग काम सुरू झाले. चाचा कागदावरचे नकाशे पाहत नसत. तुटलेले तुकडे जुळवून त्यांनी प्लायवूडचे साचे केले आणि खाचा पाडलेल्या एका काठीवर सर्व मापे उतरवली. खिळा कमीत कमी, सांधे जास्तीत जास्त. अकरा महिने लागले. मोटार प्रथम भेडाघाटच्या रस्त्याला काढली तेव्हा चाचा शेजारी बसले होते. सृष्टिसौंदर्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. डोळे मिटून ते लाकडाची करकर ऐकत होते. दोनदा गाडी थांबवायला लावून त्यांनी खडूने खुणा केल्या. परत आल्यावर त्या दोन सांध्यांत पाचर बसवली. गेली दोन दशके ते सांधे बोललेले नाहीत.

काही वर्षांनी एका शहरातील जुन्या मोटारींच्या स्पर्धेत मी ती नेली. परीक्षकांनी दार ठोठावून लाकूड कोणते म्हणून विचारले आणि मूळ लाकूड नाही म्हणून गुण कापले. त्यांच्या नियमांत ते बरोबर होते. अशा स्पर्धांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे; दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची फेरी १९६४ पासून भरते, आणि मूळ स्वरूप जपण्याचा आग्रह नसता तर जुन्या गाड्यांची केव्हाच खिचडी झाली असती. तरीही माझे मत वेगळे आहे. इंग्रज सुताराने त्याच्या गावाजवळचे योग्य लाकूड निवडले, मिलौनीगंजच्या सुताराने त्याच्या गावाजवळचे. दुसऱ्याने पहिल्याची नक्कल केली नाही, त्याचे कामच पुढे नेले. आपल्या माणसांनी या जातीच्या मोटारी नव्याने घडवल्याही आहेत: अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने ब्रिटिश 'लोटस सेव्हन'च्या धर्तीवर उघडी मोटार केली, तिला इंजिन होते आपल्या ॲम्बॅसॅडरमध्ये बसणारे इसुझूचे. त्यांना कोणत्या मूळ स्वरूपाचे गुण द्यायचे?

हा प्रश्न आता माझ्यापुरता केवळ मताचा राहिलेला नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. २० हजार रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत आणि 'व्ही. ए.' अक्षरे असलेला नवा क्रमांक. नियम चांगला आहे. त्यामुळे या गाड्या भंगारात जाण्यापासून वाचतील. परंतु दोन अटी आहेत. वाहन मूळ स्वरूपात असावे, आणि ते नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणू नये. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतेच आणावे. जावईबापूंचा आग्रह आहे की हा क्रमांक घ्यावा, म्हणजे मोटार सुरक्षित. मी अजून घेतलेला नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करून साधी नोंदणी वाढवून घेतो आणि रविवारी सकाळी आम्ही दोघे ग्वारीघाटावर जातो. येताना पोहे-जिलबी. ही फेरी 'प्रदर्शन' या सदरात बसेल असे मला वाटत नाही. पुढची तपासणी येत्या वर्षी आहे. ती होईल किंवा होणार नाही. झाली नाही तर काय करायचे, यावर आमच्या घरात एकमत नाही.

त्याहून मोठी अडचण माणसांची आहे. रांझीतील टर्नर गेले, त्यांचा लेथ भंगारात गेला. चाचा गेले, त्यांची मुले सनमायका लावलेले कपाट उत्तम करतात, पण धामण त्यांनी हातात धरलेली नाही. ती खाचांची काठी मात्र चाचांनी मला दिली होती. गेली तीन वर्षे मी तिच्यावरून आणि प्रत्यक्ष गाडीवरून मापे घेऊन सांगाड्याच्या प्रत्येक तुकड्याचे आलेखन केले आहे. एकूण ६३ पत्रके झाली. तुकड्यांची नावे मराठीत लिहिली आहेत, कारण त्यांतील पुष्कळांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही आणि चाचांनाही नव्हते. 'दाराची मागची खांबोळी', 'टाकीचा आडवा पट्टा', 'शिडाची कमान' अशी ती आहेत. शेवटच्या पाच पत्रकांत इंजिनाच्या बोल्टचे आटे, लेथवर ते पाडताना दातचाके कोणती लावायची त्यासह, दिले आहेत. या पत्रकांचा एक संच मी शाळेच्या ग्रंथालयाला आज सुपूर्द करीत आहे. मुख्याध्यापकांनी तो कुलपात ठेवू नये, मुलांच्या हाती लागेल अशा कपाटात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. पाने मळली तर दुसरा संच काढून देईन.

मोटार बाहेर कडुलिंबाखाली उभी आहे. ज्यांना बसून पाहायचे असेल त्यांनी अवश्य बसावे. दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे ते उलटे उघडते. साडी आणि धोतर सांभाळावे. डाव्या दारापाशी आतून हात फिरवलात तर पाचर बसवलेला सांधा बोटाला लागेल. इंजिन सुरू करण्याचे काम सौभाग्यवती करतील, कारण काल रात्री पाऊस झाला आहे आणि उजवा कार्बोरेटर आज पुन्हा थोडा चढा लागतो आहे, असे त्या सकाळी म्हणाल्या.